स्वतःची मजुरी

वागळे इस्टेटमध्ये, गिअर कापणाऱ्या कारखान्याच्या
पाठीला पाठ लावून आमचा गाळा. दहा बाय अठरा.
शेजारचं मशीन सुरू झालं की भिंतीवरचा गुण्या
खिळ्यावर थरथरतो.
काटकोन बिघडलेला नाही,
दर महिन्याला तपासतो मी.

सहा वर्षं हिशेब असा लिहिला:
सागवान, इतके घनफूट.
प्लायचे दोन तक्ते. गोंद. काचपेपर.
बिजागऱ्या पितळी, कारण पितळीच हव्या होत्या.
टेम्पो. इसरारची हजेरी. लाइटबिलाचा वाटा.
खाली दोन रेघा, बेरीज,
आणि वर गिऱ्हाइकाचा चेहरा बघून थोडं.
बहुतेक चेहऱ्यांना
थोडं कमीच.

आजोबांनी कधी दर सांगितला नाही.
कुणाच्या पाभरीला चाडं बसवलं,
कुणाच्या पाळण्याची दांडी बदलली,
सुगीला खळ्यावर जायचं, सूप पुढे करायचं,
पडेल ते बलुतं.
वडील ठाण्यात आले, खळं मागे राहिलं,
सूप मात्र पुढेच राहिलं त्यांचं.
‘द्या काय द्यायचं ते’
हे वाक्य त्यांनी दिलेल्या पेटीत
रंध्याखाली ठेवलेलं होतं.
मी दोन्ही वापरत होतो.

वैजयंती, माझी मेहुणी, कुरिअर कंपनीत खाती बघते.
एका रविवारी पोहे खाता खाता वही उलटली तिने.
‘भावोजी, यात तुम्ही कुठे आहात?’
म्हटलं, म्हणजे?
‘लाकूड आहे, टेम्पो आहे, इसरारभाई आहेत.
तुम्ही कुठे आहात?’
मी पानं मागे-पुढे केली.
खरंच नव्हतो.

पुढचं काम चरईतल्या टिपणीसबाईंचं:
सात फुटी पुस्तकांचं कपाट, सगळे सांधे कूस-सालीचे,
खिळा एकही नाही.
अंदाजपत्रकात शेवटची ओळ लिहिली,
स्वतःची मजुरी, अकरा दिवस,
आणि केसभर रेघेवर करवत चालवणारा हात
आकड्यापाशी चिरफळला.
लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.
रबराने कागद पातळ झाला.
पटाशीला धार लावणारा इसरार मान वर न करता म्हणाला,
माझ्यापेक्षा कमी लिहू नका, उस्ताद.
त्यात माझी बेअब्रू आहे.

बाईंनी चष्मा लावला, तळापर्यंत वाचलं.
‘अकरा दिवसांत होईल नक्की?’
मग, ‘बयाणा रोख देऊ की फोनवरून?’
बस्स. एवढंच.

जिना उतरताना आनंद व्हायला हवा होता.
मधल्या वळणावर बसलो, कुणाच्या तरी चपलांशेजारी,
आणि सहा वर्षांचे दिवस गुणायला लागलो.
देव्हारे, किचनच्या ट्रॉल्या, बत्तीस स्टुलं त्या क्लासवाल्याची...
सोडून दिलं मग.
भुशाची बेरीज कोण करतं.

त्यानंतर दोन गिऱ्हाइकं तुटली.
एक परत आलं. दुसरं गेलं ते गेलं.
तळोज्याहून जुनं प्लेनर मशीन आणलं, हप्त्यावर.
पलीकडचा अर्धा गाळा घेतला.
इसरारचा भाचा आलाय, आदिल,
खतावणी अजून पेनासारखी धरतो,
पण त्याचीही हजेरी त्याच वहीत, पहिल्या दिवसापासून.

परवा वडील आले. घरघर बंद करायला लावली,
स्टुलावर बसून अंदाजपत्रक वाचलं,
बोट शेवटच्या ओळीवर.
‘ही तुझी तूच लिहितोस?’
हो म्हटलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
समोर तयार उभ्या दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला,
वरून खाली, खालून वर,
एका जागी थांबला.
‘पैसे घेतोस ना?
मग ही कड अजून एकदा मार.’

मारली. हातरंध्याने, त्यांच्याच.
अर्धा तास गेला.
तो कुठल्याच वहीत नाही.